पुण्याजवळ परवडणारा रेसिंगचा वर्ग सुरू करायचा असेल, तर गाडी कोणती आणि ट्रॅक कोणता?

सहावा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी चाकणजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि गेले दोन हंगाम राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंग स्पर्धेच्या नवोदित गटात, म्हणजे 165 सीसीपर्यंतच्या स्टॉक गाड्यांच्या गटात, चेन्नईला जाऊन भाग घेतला. पुणे ते चेन्नई हे अंतर सुमारे 1,200 किलोमीटर आहे. गुरुवारी रात्री गाडी टेम्पोत चढवून निघायचे, शुक्रवारी उशिरा पोहोचायचे, शनिवार-रविवार मिळून सराव, पात्रता फेरी आणि शर्यती धरून जेमतेम तासभर ट्रॅकवर राहायचे आणि मंगळवारी सकाळी डोळे चोळत पाळीवर हजर व्हायचे, असा हा शिरस्ता होता.

मला हिशेबाची वही ठेवण्याची सवय आहे. दुसऱ्या हंगामानंतर बेरीज केली, तेव्हा माझ्या जुन्या यामाहा आर-15 मोटरसायकलची किंमत चौथ्या क्रमांकावर निघाली. पहिला क्रमांक प्रवास आणि मुक्कामाचा, दुसरा टायरांचा, तिसरा पडल्यानंतरच्या दुरुस्तीचा. कुठलीही ओळखीची मुले रेसिंगविषयी विचारायला आली की पहिला प्रश्न “गाडी केवढ्याला पडते?” असा असतो. प्रश्नच चुकीचा आहे, हे मला ही वही वाचताना कळले.

म्हणून प्रस्ताव असा आहे. पुण्यापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर, आखूड ट्रॅकवर, एकाच जुन्या मॉडेलच्या गाड्यांचा एक वर्ग, म्हणजे शर्यतींचा गट, सुरू करावा. वर्षाला चार फेऱ्या असाव्यात आणि गाडी व कपडे सोडून हंगामाचा खर्च 60,000 रुपयांच्या आत बसावा. हा आकडा मी माझ्यासारख्या नोकरदाराच्या पगारावरून ठरवला आहे. त्यामागे दुसरे शास्त्र नाही. गाडी, जागा आणि नियम यांविषयी आपली मते हवी आहेत.

निगडीचा_वाघ

कल्पना उत्तम आहे, पण गाडीचा शोध कशाला हवा? केटीएमची आरसी 390 आपल्या अंगणात, चाकणच्या कारखान्यात तयार होते. 2014 पासून जर्मनीत तरुणांच्या चषकासाठी हीच गाडी वापरली गेली, आणि अमेरिकेत मोटोअमेरिका या तिथल्या शर्यतींच्या मालिकेने 2015 पासून काही वर्षे केवळ याच गाडीचा वर्ग चालवला. तिकडची पोरे आपल्या गावात बनलेल्या गाडीवर शर्यत शिकली आणि आपण मात्र जुन्या 150 सीसीच्या गाड्या उकरून काढायच्या, हे मनाला पटत नाही.

नानापेठी

वाघोबा, अभिमान समजतो, पण बिल कोण भरणार? माझे नाना पेठेत सुट्या भागांचे दुकान आहे आणि पडलेल्या गाड्या रोज दारात येतात. फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचे बाहेरचे कवच, असलेली गाडी एका बाजूवर साधी आडवी झाली, तरी एका बाजूचे प्लास्टिक, आरसा, लीव्हर, फूटरेस्ट आणि कधीकधी रेडिएटर एवढे एकदम जाते. नवशिका चालक पडणारच. तो पडल्यावर पुढच्या शर्यतीला येतो की गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतो, हे त्या बिलावर ठरते.

माझे मत आर-15 च्याही विरोधात आहे आणि धागाकर्त्यांनी राग मानू नये. त्या गाडीचा सिलिंडर डायसिल पद्धतीचा, म्हणजे लोखंडी अस्तर नसलेला ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा आहे; त्याला रूढ पद्धतीने बोअर करून, म्हणजे आतून घासून मोठा करून, पुढच्या मापाचा पिस्टन बसवता येत नाही, थेट नवा ब्लॉक घ्यावा लागतो. शिवाय ती पाण्याने थंड होणारी गाडी. रस्त्यावरचे कूलंट, म्हणजे ज्यात ग्लायकॉल असते ते, ट्रॅकवर सांडले तर मागून येणारे चार जण त्यावर घसरतात. म्हणून रेसिंगमध्ये ते काढून साधे पाणी भरावे लागते आणि नवशिके नेमके तेच विसरतात.

माझी पसंती टीव्हीएसच्या जुन्या अपाचे आरटीआर 160 ला आहे, ती साधी दोन व्हॉल्व्हची, हवेने थंड होणारी. सिलिंडरचा व्यास 62 मिलिमीटर, पिस्टनची चाल 52.9, इंजिन 159.7 सीसी. ब्लॉक कोणत्याही लेथवाल्याकडे बोअर होतो. फेअरिंग नाही. ही गाडी 2007 साली आली. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांची मुदत आता संपलेली आहे, आणि पुनर्नोंदणीचा खटाटोप नको म्हणून मालक त्या मिळेल त्या भावाला काढतात. ट्रॅकवर चालवायच्या गाडीला त्याचे काहीच सोयरसुतक नाही. फक्त आरसी बुक आणि विक्रीचा कागद नीट तपासून घ्यावा, नाहीतर चोरीची गाडी गळ्यात पडायची.

जुना_आरएक्स

यामाहा आरएक्स 100 चे नाव कोणीच कसे घेतले नाही? 98 सीसी, टू-स्ट्रोक, वजनाने हलकी, आणि इंजिन पुण्यातला कोणताही मेस्त्री डोळे मिटून उघडतो.

नानापेठी

तिचे उत्पादन 1996 मध्ये थांबले, साहेब. आज चांगली आरएक्स म्हणजे शोकेसमधली वस्तू झाली आहे. लोक ती पुसून ठेवायला विकत घेतात, आपटायला नव्हे. आपला वर्ग सुरू झाला तर उरलेल्यांचे भाव आणखी चढतील आणि तुमच्यासारखे लोक आम्हाला शिव्या देतील.

भूलतज्ज्ञ_कोथरूड

मी डॉक्टर आहे आणि माझा भाचा रेसिंगच्या नादी लागल्यामुळे हा धागा वाचते आहे. वरच्या सगळ्या प्रतिसादांत गाडी आहे, माणूस कुठेच नाही. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत बंगळुरूचा 13 वर्षांचा अतिशय गुणी मुलगा पडला आणि दगावला. तो प्रस्थापित ट्रॅक होता आणि स्पर्धा मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाच्या देखरेखीखाली होती. तुम्ही जो खर्च वाचवणार आहात, तो नेमका कशावर वाचवणार आहात, हे आधी स्पष्ट करावे.

माझ्या दृष्टीने पुढील गोष्टी तडजोडीच्या पलीकडच्या आहेत. रुग्णवाहिका दोन हव्यात, कारण एक रुग्णाला घेऊन गेली की ट्रॅक उघडा पडतो. दुसरी नसेल तर ती परत येईपर्यंत एकही गाडी सुरू होता कामा नये, मग प्रेक्षक कितीही आरडाओरडा करोत. रुग्णवाहिकेत नुसता चालक आणि स्ट्रेचर असून भागत नाही. श्वासमार्ग सांभाळू शकणारा, मान न हलवता हेल्मेट काढता येणारा आणि ओटीपोटाच्या अस्थिभंगात पट्टा बांधता येणारा माणूस हवा. दुखापतींवर सर्व शस्त्रक्रिया होऊ शकतील अशा रुग्णालयापर्यंत रविवारी दुपारी प्रत्यक्ष किती मिनिटे लागतात, ते गाडी चालवून मोजावे. नकाशावर पाहू नये. आणि 18 वर्षांखालील कोणालाही सध्या प्रवेश देऊ नये.

सहावा_गिअर (धागाकर्ता)

डॉक्टर, आपला प्रतिसाद वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण खर्च कशावर वाचवणार या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेही धड नव्हते. आता आहे असे वाटते. आपण वेगावर वाचवायचे आहे.

साधे गणित मांडतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारा चालक पडला आणि घर्षणाचा गुणांक 0.5 धरला, तर सपाट डांबरावर तो सुमारे 50 मीटर घसरत जाऊन थांबतो. वेग ताशी 120 किलोमीटर असेल तर हेच अंतर 113 मीटर होते. वेग दीडपट झाला, अंतर सव्वादोनपट झाले. म्हणजे वळणाबाहेर मोकळी जागा किती लागणार, हवेचे फुगे लावलेली भिंत किती लांब लागणार, झेंडेवाले किती लागणार, टायर किती टिकणार आणि पडल्यावर गाडीचे काय उरणार, हे सगळे वेगावर ठरते, आणि मोकळी जागा तर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत जाते. आरसी 390 स्वस्तात मिळाली, तरी तिला लागणारा ट्रॅक स्वस्तात मिळत नाही. वाघोबांचा प्रस्ताव मला याच कारणाने नाकारावा लागतो. गाडीविषयी तक्रार नाही.

आरटीआरविषयी नानापेठींचे म्हणणे मी मान्य करतो. माझी आर-15 विकायला काढतो आहे, हे अवांतर.

18 वर्षांची अटही मान्य. 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी मिनीजीपी ही जागतिक मालिका भारतात 2022 पासून आली. त्या मुलांसाठी तशी छोट्या चाकांची गाडी आणि तसे प्रशिक्षण असलेली जागाच योग्य आहे. सज्ञान हौशी लोकांच्या गर्दीत त्यांना आणू नये.

पंचगंगेकाठचा

कोल्हापूरकडून नमस्कार. इकडे कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि पुण्याहून अंतर 230-240 किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून रात्री घरी. परंतु कार्टचा ट्रॅक म्हणजे मोटरसायकलचा आखूड ट्रॅक, असे समजून कोणी येऊ नये. मी स्वतः कार्ट चालवतो. कार्टला चार चाके असतात, ती घसरली तरी फिरून जवळच थांबते, म्हणून टायरांच्या भिंती वळणाच्या अगदी कडेला असल्या तरी चालते. मोटरसायकलचा चालक मात्र गाडी सोडून सरळ रेषेत जातो, आणि ज्या भिंतीने कार्ट वाचते तीच भिंत त्याच्या अंगावर येते. शिवाय काही ट्रॅकवर जवळजवळच्या दोन पट्ट्यांमध्ये केवळ एक टायरांची ओळ असते. इकडे पडलेला माणूस पलीकडच्या पट्ट्यात जातो, जिथे समोरून गाड्या येत असतात.

म्हणून आधी रिकाम्या ट्रॅकवर पायी फिरून प्रत्येक वळणाबाहेर वरच्या गणिताप्रमाणे मीटर मोजावेत. जिथे 50 मीटर नाहीत, तिथे वळणाच्या अलीकडे शंकू लावून नागमोडी अडथळा करावा आणि वेग 60 च्या खाली आणावा. ताशी 60 ला घसरण 28 मीटरांवर येते.

धावपट्टी

धाग्यात कोणी जुना मार्ग सुचवला नाही, म्हणून लिहितो. ज्या देशांत क्लब रेसिंग रुजले, तिथे सुरुवातीला खास बांधलेले ट्रॅक कमीच होते. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ होता. 1948 मध्ये तिथे पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा धावपट्ट्यांवर गवताच्या पेंढ्या आणि तेलाची पिंपे मांडून मार्ग आखला होता. आपल्याकडे 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यतीही आताचा ट्रॅक होण्याआधी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच होत असत. धावपट्टीचा मोठा गुण म्हणजे आजूबाजूला भिंत नसते.

पुण्याच्या परिसरात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. त्या सरळ रेषेच्या, हे खरे, पण खासगी धावपट्टीचा मालक मोटरस्पोर्टसाठी जागा देऊ शकतो एवढे त्यातून दिसते. आपल्याला पूर्ण लांबी नकोच आहे. शंकू लावून एक किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग आखला, तरी सरळ पट्टा इतका लहान ठेवता येतो की आरटीआर चौथ्या गिअरच्या पुढे जाणारच नाही. अडचण अशी की धावपट्टीवर सावली नसते आणि खडी सुटलेली असते. सकाळी दहा झाडूवाले लागतील.

निगडीचा_वाघ

390 चा हट्ट मी सोडला. आता एक व्यावहारिक शंका. गाडी एकच ठरवली तरी ज्याच्या खिशात पैसा आहे, तो इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, घासून, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलून, दुसऱ्याच्या दीडपट खर्च करून पुढे जाणारच. मग स्वस्त वर्ग दोन हंगामांत महाग होतो.

नानापेठी

शंका रास्त आहे, आणि या विषयात मी थोडा पापी आहे, म्हणून सांगतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात लपवालपवी तीन ठिकाणी होते. पहिली, हेडचा पृष्ठभाग घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढवणे. हेड लावलेले असताना बाहेरून हे कळत नाही. दुसरी, इग्निशनचे टायमिंग पुढे घेणे, म्हणजे ठिणगी आधी पाडणे. तिसरी, मोठ्या मापाचा पिस्टन बसवून “पुढच्या मापाला बोअर केले, दुरुस्तीच होती” असे तोंड वर करून सांगणे. पहिली पकडायला पिस्टन वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून ब्युरेटने तेल सोडतात आणि पोकळी किती घन सेंटिमीटरची आहे ते मोजतात. ब्युरेट शाळेच्या प्रयोगशाळेतली चालते. तिसऱ्यासाठी आपणच ठरवून टाकायचे, की 0.5 मिलिमीटर वाढीव पिस्टनपर्यंत परवानगी आणि त्यापुढे ब्लॉक बदला.

पण एवढे मोजायला दर रविवारी तपासनीस कुठून आणणार? परदेशातल्या स्वस्त वर्गांत यावर एक नामी उपाय वापरतात, तो आपण घ्यावा. शर्यत संपल्यावर पहिल्या तिघांपैकी कोणाचेही इंजिन इतर कोणताही स्पर्धक ठरलेल्या किमतीला मागू शकतो आणि ते द्यावेच लागते. समजा ती किंमत 12,000 रुपये ठेवली. मग 40,000 चे काम करून आणलेले इंजिन माणूस 12,000 ला का गमावेल? नाही म्हणाला तर हंगामाचे सगळे गुण शून्य. हा नियम कागदावर आला, की माझ्या दुकानातली अर्धी गुप्त गिऱ्हाइके आपोआप कमी होतील. धंद्याचे नुकसान मी सोसतो.

सहावा_गिअर (धागाकर्ता)

नियम आवडला, पण खुन्नस म्हणून एकच माणूस दर फेरीला एकाच विजेत्याचे इंजिन मागू लागला तर त्या विजेत्याने दरवेळी नवे इंजिन कुठून बांधायचे?

नानापेठी

मागणाऱ्याने पैसे द्यायचे आणि शिवाय स्वतःचे चालू इंजिन बदल्यात द्यायचे. मग खुन्नस काढायला स्वतःचे पोर दत्तक द्यावे लागते. हंगामात एका स्पर्धकाला एकदाच मागता येईल, एवढे जोडले की पुरे.

सहावा_गिअर (धागाकर्ता)

उत्तम. टायरांविषयी माझ्या वहीचा कौल असा आहे की दुकानात कोणालाही मिळणारा एकच रस्त्यावरचा टायर सर्वांना सक्तीचा असावा, हंगामाला दोनच जोड्या आणि त्यांच्या कडेवर आयोजकांचा शिक्का. रेसिंगचा मऊ टायर दोन फेऱ्यांत संपतो आणि माणूस तिसऱ्या फेरीला येत नाही.

तयारीच्या बाबतीत सूट नाही. दिवे, आरसे, साइड स्टँड काढायचे. ऑइलच्या ड्रेन बोल्टला आणि फिलरच्या झाकणाला तार बांधायची. इंजिनाखाली तेल साठवणारी तबकडी लावायची. पुढच्या ब्रेकच्या लीव्हरला संरक्षक पट्टी आणि मागच्या स्प्रॉकेटजवळ, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाजवळ, बोट अडकू नये अशी संरक्षक पात. यांतली बहुतेक कामे एका रविवारी घरी होतात. चामड्याचा सूट आणि पाठीचे कवच मात्र उसने चालणार नाही. क्लबने जुने सूट विकत घेऊन भाड्याने द्यावेत का, यावर विचार चालू आहे.

कात्रजचा_बोगदा

मी लिहू की नको असे करत होतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी रात्री रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या टोळक्यांपैकी एक होतो. कोणता रस्ता ते सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पकडलो गेलो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असे आहे; मी दंडावर सुटलो. माझ्याबरोबरचा एक जण दुभाजकावर आपटून गेला आणि तेव्हापासून मी गाडी नीट चालवतो.

कोणाला वाटत असेल, तरी ती सगळी मुले तुमच्या वर्गात येणार नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यांच्यापैकी काहींना वेग नको असतो, बघणारे हवे असतात. पण चौघांपैकी एखादा येईल, आणि तो येईल तर एकाच अटीवर, की पहिल्या दिवशी सूटचे आणि स्पर्धेच्या परवान्याचे मिळून एकदम मोठे पैसे मागू नयेत. भाड्याच्या सूटचे कराच.

पंचगंगेकाठचा

तरीही परवान्याला फाटा देऊ नका. महासंघाची परवानगी, स्पर्धकाचा परवाना, वैद्यकीय दाखला आणि विमा, हे सगळे लागेल. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, ती पाहायला मी आलो होतो. मातीवरच्या शर्यतींचा पुण्याला सराव आहे आणि त्या आयोजनाचा अनुभव असलेली माणसे याच शहरात आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भूलतज्ज्ञ_कोथरूड

ताशी 60 आणि 80 चे गणित मी एका अस्थिरोग शल्यचिकित्सक मैत्रिणीला दाखवले. तिचे म्हणणे असे पडले की त्या वेगाला कॉलरबोन आणि मनगटे मोडतील, तेवढे आपण गृहीतच धरावे. भिंत आणि मागून येणारी गाडी या दोन गोष्टी सांभाळा. म्हणून सुरुवातीला एका वेळी 12 पेक्षा जास्त गाड्या सोडू नयेत, ही माझी आणखी एक अट.

झेंडे कोण दाखवणार, याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. पडलेल्या चालकाच्या मागे पिवळा झेंडा किती सेकंदांत वर गेला, यावर माझे पुढचे काम अवलंबून असते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जुने क्लब सदस्यांच्या घरच्या मंडळींवर चालतात असे मी वाचले. एका वळणासाठी माझे नाव लिहावे, आणि दुसऱ्यासाठी माझ्या भाच्याचे. एक पूर्ण हंगाम त्याने झेंडा हातात धरावा, मग गाडीचे पाहू.

सहावा_गिअर (धागाकर्ता)

लिहिली. आठ वळणे धरली तर अजून 14 जण हवेत, कारण प्रत्येक ठिकाणी दोघे लागतात. मोजमापासाठी पहिल्या रविवारी कोल्हापूरला जायचे ठरते आहे. फीत, शंकू आणि ब्युरेट बरोबर घेऊ. नमुन्याची एक गाडी त्याआधी तयार हवी.

नानापेठी

पर्वतीच्या पायथ्याला एक 2009 ची आरटीआर 14,000 ला उभी आहे. कागद मी पाहिले, मालक पहिलाच आहे. पुढचे शॉकअप गळतात आणि साइड स्टँड तुटलेला आहे. साइड स्टँड आपण काढणारच होतो, तेव्हा त्याचे 500 कमी करायला सांगितले आहेत.